क्लचचा वास

सासूबाई : अजून थोडी वाक. मानेच्या मागे राहिलंय. काय लावलंय गं हे, डिंक का खळ?

सून : पेस्ट असते, आई. मेंदूच्या तपासणीच्या वायरी डोक्याला चिकटवायला. सगळं डोकं भरून वायरी होत्या. समोर काचेत बघितलं तर बॉनेट उघडं ठेवलेल्या गाडीसारखी दिसत होते मी.

सासूबाई : पाणी फार गरम नाही ना?

सून : नाही. असंच ओतत राहा. रात्रभर झोपू नका म्हणाले होते ना, डोळ्यांत नुसती वाळू गेलीय. बरं वाटतंय.

सासूबाई : आणि त्या मशीनवाल्या बाई? त्या काय म्हणाल्या?

सून : त्यांना काही सांगायची मुभा नसते. तरी मी विचारलं, चांगलं दिसतंय का म्हणून. तर म्हणाल्या, केस दाट आहेत हो तुमचे.

सासूबाई : ते खोटं नाही.

सून : संध्याकाळी डॉक्टर सांगतील काय ते. पण त्यांनी आधीच बजावून ठेवलंय. कागदावर काही आलं नाही म्हणजे डोक्यात काही नाही, असं धरू नका म्हणाले. तेवढ्या वेळात काही घडलंच नाही तर मशीनला तरी काय दिसणार.

सासूबाई : मग एवढा खटाटोप कशाला?

सून : लायसन्सच्या परीक्षेसारखंच आहे ते. त्या दिवशी समोर साहेब बसलेले असतात, माणूस अगदी मवाळपणे गाडी चालवतो. रोज कशी चालवतो ते त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारावं लागतं.

सासूबाई : शेजारचा म्हणजे कोण?

सून : घरचे. तुम्ही. म्हणून तर संध्याकाळी तुम्हालाही आणा म्हणालेत.

सासूबाई : मला काय विचारायचंय त्यांना?

सून : सोपं आहे, घाबरू नका. त्या दिवशी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात मी खुर्चीवरून पडले, हातपाय झाडले, जीभ चावली. ते त्यांना माहीत आहे. तुम्ही तिथे नव्हतातच. होत्या त्या दोन शिकायला आलेल्या बायका. एक म्हणे चमचा घेऊन धावली तोंडात घालायला, दुसरीने तिचा हात धरला म्हणून माझे दात शाबूत आहेत.

सासूबाई : देव तिचं भलं करो. त्या दुसरीचं.

सून : पहिलीचंही करू दे, मनाने चांगलीच आहे ती. तर ते एकदाच झालं. आदल्या रात्री ताप होता, झोप नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं एकदाच झालं असेल तर कदाचित पुन्हा जन्मात होणार नाही. थोडे महिने स्टिअरिंगला हात लावू नका, मग बघू. पण त्याच्या आधीही काही होत असेल, लहानसहान, लक्षात न येणारं, तर मग गोष्ट वेगळी.

सासूबाई : वेगळी म्हणजे?

सून : मग ते त्याला नाव देतील.

सासूबाई : फेफरं.

सून : अपस्मार म्हणतात आता.

सासूबाई : आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिला शेवटच्या बाकावर बसवायचे, भिंतीला टेकून. हुशार होती. गणितं सगळ्यांच्या आधी सुटायची तिची. पण पाटी तपासायला गुरुजी तिथपर्यंत जायचे नाहीत.

सून : आता गोळ्या असतात, आई. पुष्कळांचं सगळं थांबतं गोळ्यांनी. मला गोळ्यांचं काही नाही. गाडीचं आहे. नाव लागलं की गाडी बंद, आणि ती पुन्हा केव्हा सुरू होईल ते कुणी आज सांगत नाही. दोन गाड्या आहेत आपल्या आणि शिकवणारी मी एकटी. बायका येतात त्या मला बघून येतात. गाडीत शेजारी बाई असेल ना, हे आधी विचारतात, फीचं मागाहून.

सासूबाई : तर मग मी काय सांगू म्हणतेस?

सून : एवढंच की आधी कधी काही पाहिलं नाही. आणि खरंच तर आहे ते. तुम्ही काही पाहिलंय थोडंच?

(सासूबाई तांब्या नळाखाली धरतात. तो भरून वाहू लागतो.)

सून : आई?

सासूबाई : ते डोळ्यांचं विचारतात का गं?

सून : एकटक बघते का, हाक मारली तर ओ देत नाही का, हाताने काही चाळा करते का. असलं सगळं. का?

सासूबाई : आणि ओठांचं?

सून : ...विचारलं होतं. चघळल्यासारखं करते का म्हणून. आई, तो टॉवेल द्या बघू.

सासूबाई : अजून पेस्ट आहे केसांत.

सून : असू दे. द्या इकडे. आणि या स्टुलावर बसा. आता सांगा, ओठांचं काय?

सासूबाई : सकाळी मी माळ घेऊन बसते ना खिडकीपाशी. तू समोर ओट्याशी डबे भरत असतेस. तर मधेच कधीतरी तू थांबतेस. हात ओट्यावरच्या फडक्यावर. समोर भिंतीकडे बघतेस, ओठ हलतात बारीक, आणि अंगठा असा बोटांवरून फिरत राहतो. फडक्याची कड चुरगाळत. मला वाटलं, जप करतेस.

सून : मी? जप?

सासूबाई : मला वाटलं, सांगायला लाजत असेल. मोठ्याने म्हणत नाही, पण मनातल्या मनात माझ्यासोबत म्हणते. म्हणून मी कधी विषय काढला नाही. असल्या गोष्टी विचारल्या की विटतात.

सून : आई, देवाचं नाव माझ्या तोंडी येतं ते कुणी ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर दाबला की.

सासूबाई : ते नावसुद्धा पोचतं. मी वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं होतं.

सून : काय सांगितलंत?

सासूबाई : की माझी सून दिवसभर गाड्या पळवते, पण सकाळी दोन मिनिटं का होईना, नाव घेते. त्यांची सून नाही घेत.

सून : कधीपासून होतंय हे?

सासूबाई : थंडी होती तेव्हा. तुझ्या अंगात तो निळा स्वेटर असायचा.

सून : म्हणजे बरेच महिने झाले. आणि तुम्ही एकदाही हाक मारली नाहीत?

सासूबाई : मौन असतं ना माझं. माळ पुरी होईपर्यंत शब्द काढायचा नाही, हे लग्नाआधीपासूनचं आहे. आणि ती पुरी होईतो तू पुन्हा कामाला लागलेली असायचीस. एकदा तेवढं, एका डब्याला दोन झाकणं लावायला बघत होतीस. एक लावलं, त्यावर दुसरं ठेवून दाबत होतीस. मला हसू आलं. म्हटलं, मन अजून तिकडेच आहे हिचं.

सून : दोन झाकणं. मला काही म्हणजे काही आठवत नाही यातलं.

सासूबाई : काहीच नाही?

सून : नाही. पण थांबा हं. सकाळी रेडिओ लागलेला असतो ना, हळू. कधीकधी गाणं ऐकता ऐकता एकदम पुढे गेलेलं असायचं. पहिलं कडवं चाललं होतं आणि शेवट आला. मला वाटायचं, हल्ली गाणी कापून लावतात.

सासूबाई : म्हणूनच तू त्या रेडिओला नावं ठेवायचीस.

सून : त्यांना फोनही करणार होते एकदा. आई, मला करून दाखवा ना.

सासूबाई : काय?

सून : मी कशी दिसते ते. सगळ्या जगाने बघितलंय, मी सोडून. उभ्या राहा अशा. हे बेसिन म्हणजे ओटा समजा. हे घ्या फडकं.

सासूबाई : मला नाटक कुठे येतं.

सून : नाटक नको. आठवेल तसं करा फक्त.

सासूबाई : बघ बाई. अशी डबे भरत असतेस. इकडून तिकडे. आणि मग...

सून : ...असं होय. ओठ किती बारीक हलतात. आणि अंगठा. आई, हे तर खरंच माळ ओढल्यासारखं दिसतंय. ...आई? पुरे आता. आई, बास म्हटलं ना.

सासूबाई : घाबरलीस?

सून : तुमचे डोळे उघडे होते आणि तुम्ही बघत नव्हतात. तुम्हाला माझी भीती नाही वाटली कधी?

सासूबाई : तेच तर सांगतेय. तुझा चेहरा इतका शांत असतो त्या वेळी. एरवी कुठे असतो? एरवी तुझ्या कपाळावर सतत कुणीतरी चुकीचा गिअर टाकत असतं. म्हणून चुकले मी. तुला आतून काय होतं गं? आधी काही कळतं?

सून : मधलं काहीच नाही, ते सांगितलंच. आधीचंही नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, पोटात काही उठल्यासारखं, कानात आवाज, एखादा वास. काहींना नसलेला वास येतो म्हणाले. मेंदूत ज्या कोपऱ्यात विजेचा गोंधळ होतो, तिथलं जे काम असेल ते उगाचच सुरू होतं. मी म्हटलं, माझा अख्खा धंदाच पेट्रोलच्या वासात आहे, मला कसले वास विचारता.

सासूबाई : वास तू मला विचारला होतास एकदा.

सून : कसला?

सासूबाई : क्लचचा. ओट्याशी उभी होतीस. वळून म्हणालीस, आई, क्लच जळल्याचा वास येतोय का. मी मान हलवली, नाही म्हणून. आणि मग तू भिंतीकडे तोंड करून थांबलीस, तशीच.

सून : कुठे म्हणालात? स्वयंपाकघरात?

सासूबाई : हो.

सून : स्वयंपाकघरात क्लच कुठून आला?

सासूबाई : मलाही तेच विचारायचं होतं. पण मौन होतं.

सून : अहो, त्या पांढऱ्या गाडीची क्लच प्लेट मी दोनदा उघडायला लावली मेकॅनिकला. नवं शिकणारं माणूस क्लचवर पाय ठेवूनच बसतं, त्यामुळे जळका वास आला की मी आधी तिथेच बघते. तो म्हणाला, मॅडम, प्लेट कोरी करकरीत आहे, आता तुमच्या नाकाचं सर्व्हिसिंग करून घ्या. मला इतका राग आला. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी.

सासूबाई : म्हणजे वास गाडीतही आला होता.

सून : हो, गाडीतच तर...

सासूबाई : काय झालं?

सून : वास येतो आणि मग ते होतं. तुम्हीच आत्ता म्हणालात. वास गाडीत आला असेल तर पुढचंही गाडीतच झालं असेल.

सासूबाई : तू चालवत होतीस?

सून : मी शिकवायच्या सीटवर असते. पण माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, आई. शिकणारीला काही सुचलं नाही तर तो ब्रेक म्हणजे मी. काल रात्री ह्यांना विचारलं होतं मी, कधी काही जाणवलं का म्हणून. तर म्हणाले, तू अधूनमधून अर्धं मिनिट अबोला धरतेस, मी सॉरी म्हणतो, मग तू बोलायला लागतेस. मी विचारलं, कशाबद्दल सॉरी? म्हणाले, ते मला कधीच कळलं नाही. मी हसण्यावारी नेलं.

सासूबाई : बापावर गेलाय. तोही आधी सॉरी म्हणायचा, भांडण मागून शोधायचा. आता काय करतेस? फोन कुणाला?

सून : एक बाई आहेत माझ्याकडे शिकायला. निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्यात जास्त तास त्यांचेच झालेत, आणि त्या काही म्हणजे काही विसरत नाहीत. स्पीकरवर टाकते, कान ओला आहे. ...हॅलो, मॅडम?

मुख्याध्यापिका : बोला मॅडम. तुमची तब्येत बरी नसल्याचं ऑफिसातून समजलं. आजारी माणसाला फोन करून त्रास देऊ नये असं माझं मत आहे, म्हणून केला नाही. गैरसमज नसावा.

सून : नाही हो. मला एक विचारायचं होतं, आणि अगदी खरं सांगा. आपला तास चालू असताना मी कधी मधेच गप्प झाले होते का?

मुख्याध्यापिका : दोनदा. पहिल्या वेळी तुम्ही आधी म्हणालात, कसला तरी वास येतोय. माझा पाय क्लचवर नव्हता, हे मी तुम्हाला तेव्हाच निक्षून सांगितलं होतं.

सून : आणि दुसऱ्या वेळी?

मुख्याध्यापिका : दुसऱ्या वेळी तुम्ही माझी परीक्षा घेत होतात.

सून : मी?

मुख्याध्यापिका : मी लगेच ओळखलं. वर्गात मीही तेच करत असे. मूल फळ्यापाशी अडलं की आपण एक शब्द बोलायचा नाही. ते स्वतः सावरतं का, ते बघायचं. मी मनात म्हटलं, बाई मुरलेल्या आहेत.

सून : कुठे झालं हे? नेमकं काय झालं?

मुख्याध्यापिका : बाजाराच्या वळणावर, पांढऱ्या पट्ट्यांशी. एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत रस्त्यात उतरले. मी तुम्हाला विचारलं, थांबू का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तुम्ही सरळ समोर बघत होतात आणि ओठांतल्या ओठांत काही मोजत होतात. मला वाटलं, मी निर्णयाला किती वेळ लावते ते मोजताय.

सून : मग?

मुख्याध्यापिका : मग मी थांबले. अर्थातच. जरा जोरात थांबले हे मान्य आहे. त्या गृहस्थांनी मला काठी उगारून दाखवली, मी काच खाली करून माफी मागितली.

सून : ब्रेक तुम्ही लावलात? माझा नव्हता?

मुख्याध्यापिका : तुमचा पाय तसूभर हलला नाही, मॅडम. एरवी मी साधं कुत्रं बघितलं तरी तुमचा पाय माझ्या आधी पडतो, आणि मला फार अपमानास्पद वाटतं ते. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. घरी जाऊन मी सगळ्यांना सांगितलं. ...मॅडम? ऐकताय ना? का हीसुद्धा परीक्षा आहे?

सून : नाही मॅडम. ही परीक्षा नाही. तीही नव्हती.

मुख्याध्यापिका : मला समजलं नाही.

सून : मला ते गृहस्थ दिसले नव्हते. त्या वळणावर काही झालं होतं हेच मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. डॉक्टरांना शंका आहे, मला फिट्स येतात. लहान. त्यातलीच ती असणार.

मुख्याध्यापिका : असं. ...एक मिनिट, मी खुर्चीवर बसते.

सून : बसा.

मुख्याध्यापिका : म्हणजे त्या वळणावर गाडीत मी एकटीच होते म्हणायची.

सून : हो.

मुख्याध्यापिका : तरी बरं, मला वाटत होतं तुम्ही आहात. नाहीतर माझे हातपायच गळाले असते. मॅडम, मी स्पष्टच विचारते. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर जाणार आहे ना? नसेल तर मी स्वतः येऊन सांगते. कुठे यायचं तेवढं सांगा.

सून : जाईल मॅडम. मी सांगते.

मुख्याध्यापिका : ठीक. आणि मी दुसऱ्या कुणाकडे शिकायला जाणार नाही. तुम्ही बऱ्या होईपर्यंत बसने फिरेन. इतकी वर्षं फिरलेच आहे. ठेवू?

सून : ठेवा.

सासूबाई : ये, केस पूस. पाणी मानेवर ओघळतंय तुझ्या.

सून : ते काठीवाले गृहस्थ, आई. ते घरी जाऊन म्हणाले असतील, हल्ली कुणालाही गाडी शिकवतात. त्यांना माहीतही नाही.

सासूबाई : उद्या त्यांच्या नावाने एक माळ करीन. नाव नसलं तरी चालतं.

सून : सगळ्यांनी माझ्याबद्दल चांगलंच धरलं हो. एकाने जरी म्हटलं असतं की ही बाई ठीक दिसत नाही.

सासूबाई : मेकॅनिक म्हणाला होता की.

सून : खरंच की. त्याच्याशी बोलायला हवं आधी.

सासूबाई : हसलीस, बरं झालं. आता माझं ऐक. उद्यापासून मी मौनातच असेन, पण तू अशी थांबलीस की मी तुला हाक मारणार. जवळ येऊन बसणार.

सून : आई, माझ्यासाठी व्रत मोडू नका. तुम्ही तापातही नाही मोडलंत कधी.

सासूबाई : ते माझं नि त्याचं आहे. आम्ही बघून घेऊ. तू त्यात पडू नकोस.

सून : वरच्या बाईंना आता काय सांगाल?

सासूबाई : काही नाही. त्या कुठे डॉक्टर आहेत. थोडं वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. रोज वाटायचं, चला, आज हीही आपल्यासोबत होती.

सून : मला माहीत असतं तर खरंच बसले असते हो कधी.

सासूबाई : ते राहू दे. उगाच माझं मन राखायला बसू नकोस. संध्याकाळचं बोल. सगळं सांगायचं ठरलं ना नक्की? स्कूलचं काय करशील?

सून : काय करणार. कुणी बाई शोधायची शिकवायला. मिळेपर्यंत एक गाडी झाकून ठेवू, दुसरीही ठेवू. रस्त्यावरच्या खुणा, नियम, ते मी ऑफिसात बसून फळ्यावर शिकवीन. बायका येतील का, बघू. आई, मला शेजारीसुद्धा बसता येणार नाही, याचं काय ते मला अजून नीट कळत नाहीये.

सासूबाई : कळेल हळूहळू. आज कळायलाच पाहिजे असं नाही.

सून : एक मात्र विचारायचंय मला त्यांना. क्लचचाच वास का? मी शाळेत शिकवत असते तर खडूचा आला असता का?

सासूबाई : विचार. मलाही ऐकायचंय. आणि ओठ का हलतात तेही विचार. कुणाशी बोलल्यासारखे हलतात ते.

सून : विचारते. पण तिथे गेल्यावर आधी तुम्ही बोला.

सासूबाई : मी? अगं, मला कुठे नीट सांगता येतं. डॉक्टरांसमोर माझा आवाजच फुटत नाही. तू सांग, मी बाजूला बसते.

सून : मला नाही सांगता येणार, आई. मी नव्हते तिथे.

सासूबाई : हं. मी होते.